दिवाण सरकवण्याआधी

सिडकोतल्या जुन्या रो-हाऊसचा हॉल साधारण १० फूट बाय १२ फूट असतो आणि वर १० फुटांवर स्लॅब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. एका सामाईक भिंतीला शोकेस, शोकेसच्या मधोमध टीव्ही आणि टीव्हीच्या दोन्ही अंगांना उरलेल्या कप्प्यांत स्पीकर. समोरच्या भिंतीला चिकटून दिवाण. डाव्या टोकाला रस्त्याकडची खिडकी, तिच्यात उन्हाळाभर कूलर. उजव्या टोकाला भिंत अर्ध्यावर संपते आणि तिथून स्वयंपाकघराची वाट. १९७० च्या दशकात सिडकोने इथे नवं शहर आखायला घेतलं तेव्हा हिशोब माणसांनी राहण्याचा होता आणि तो तसाच असायला हवा होता. पण अशाच एका हॉलमध्ये आता गाणं नीट ऐकू येत नाही म्हणून बहीण-भावात वाद सुरू झाला. दोघंही मला जवळची. ताई गाणं शिकवते, तेही याच हॉलमध्ये, सतरंजी टाकून. भाऊ वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दोघांचं बोलणं ऐकून घेतलं, ते इथे मांडते आहे. मध्ये जिथे मला राहवलं नाही तिथे मीही बोलले आहे.

भाऊ : ताई, तू म्हणतेस स्पीकर बदलू. मी म्हणतो एक रुपया खर्च करू नकोस. स्पीकर चांगले आहेत, त्यांना कपाटात कोंडलंय. शोकेसचा कप्पा म्हणजे तीन बाजूंनी फळ्या आणि मागे भिंत. खालच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या तोंडातून फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरतो. भिंत जवळ असली की मागे गेलेलाही पुढे परततो आणि बेस फुगतो. कोपऱ्यात ठेवला तर आणखी. डग्ग्याचा गोलवा जातो आणि नुसती धमधम उरते ती याचमुळे.

ताई : ती धमधम मलाही ऐकू येते. पण उपाय म्हणून तू काय सांगतोस? स्पीकर खोलीच्या मध्यात आणायचे, दिवाण मध्यात आणायचा आणि त्यावर एकट्याने बसायचं. मग या घरात बाकीच्यांनी कुठून चालायचं?

भाऊ : मध्यात नव्हे. मध्य तर सगळ्यात वाईट. हे बघ, खोलीची रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. ज्या स्वराची अर्धी लांबी या रुंदीत बरोबर बसते तो दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. तो येतो ५७ हर्ट्झच्या आसपास. १२ फुटांच्या अंगाला तोच हिशोब ४७ वर येतो. आणि आपल्या छताची उंचीही १० फूट, म्हणजे ५७ वर दोन दिशांनी दुप्पट मार. अडकलेला स्वर भिंतीपाशी सगळ्यात जोरात असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आपण स्पीकर एका भिंतीला लावले आणि कान दुसऱ्या भिंतीला. सगळ्यात जास्त घुमणाऱ्या दोन जागा शोधून काढायच्या ठरवल्या असत्या तर याच मिळाल्या असत्या.

ताई : ५७ हर्ट्झला माझ्या ऐकण्यात आहे काय? पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर १३९ च्या जवळपास, त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९. बाईचा षड्ज त्याहून कितीतरी वर.

भाऊ : तुझ्या ऐकण्यात कमी, माझ्या ऐकण्यात भरपूर. सिनेमाच्या गाण्यातली बेस गिटार ५५ वर येते तेव्हा एकटा तोच सूर खोली उचलून धरते, शेजारचे सूर तसेच बारीक. वाजवणाऱ्याने सारखे वाजवलेले सूर आपल्या हॉलमध्ये लहानमोठे होतात. आणि या अडकलेल्या स्वरांची पुढची पिलावळ असते. दुप्पट, तिप्पट, दोन भिंतींची मिळून झालेली. ती ७५, ८०, ९५, ११५ अशी वर येत जाते. डग्गा तिथेच सापडतो.

डग्ग्याचा विषय निघाला म्हणून सांगते. तबल्यावरच्या शाईने चामड्याच्या बेसूर आवाजाला सुरेल अंतस्वर कसे मिळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. ज्यांनी ती शाई घोटली त्यांनी स्वराची इतकी काळजी केली. तो स्वर घरात येईपर्यंत शोकेसच्या कप्प्यात बसतो, हे मला भावाच्या बाजूचं सगळ्यात मोठं म्हणणं वाटतं.

ताई : मग मागे वाकळ टांगू. आईने शिवलेल्या दोन आहेत कपाटात. खिडकीला जाड पडदा लावू.

भाऊ : टांग, पण कशासाठी ते समजून टांग. ५७ हर्ट्झच्या लहरीची लांबी ६ मीटर. बोटभर जाडीच्या वाकळेला ती दिसतसुद्धा नाही. वाकळ पकडते वरचा आवाज, टाळीचा, झांजेचा, ‘स’ आणि ‘श’चा. नुसती वाकळच वाकळ लावत गेलीस तर वरचा आवाज मरतो आणि खालचा तसाच राहतो. खोली आणखी बोजड होते.

ताई : आणि रिकामी ठेवली तर झणझणते. घराला रंग देताना सामान काढलं होतं तेव्हा मुलींना सूर लावता येईना, इतका आवाज परतत होता.

हे झणझणणं मोजायची रीत एका तरुण प्राध्यापकाने घालून दिली. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. वॉलेस सॅबिन यांनी रात्री-रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. आवाज गिळण्याचं त्यांचं मोजमाप होतं उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्यांच्या सूत्रात आपला हॉल घातला तर गिलावा आणि फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज विरायला अडीच-तीन सेकंद निघतात. गाद्या, पडदे, पुस्तकं आणि चार माणसं आली की अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. स्वयंपाकघराकडचा दारभर मोकळा भाग एकटाच जवळजवळ तेवढा आवाज गिळतो, जेवढा रिकाम्या खोलीच्या सगळ्या भिंती, छत आणि फरशी मिळून गिळतात. ज्याला आपण हॉलचा दोष म्हणत होतो ती वाट एका बाजूने मोठा उपकार करते आहे.

दुसऱ्या बाजूने मात्र तीच वाट घोळ घालते. डाव्या स्पीकरच्या बाजूला काच आणि कूलरचा पत्रा, तिथून आवाज आपटून येतो. उजव्या स्पीकरच्या बाजूने काहीच येत नाही. म्हणून गाणं डावीकडे ओढल्यासारखं वाटतं. भाऊ इथे आरसा वापरायला सांगतो. तू दिवाणावर बस, मी आरसा भिंतीला लावून सरकवत नेतो, ज्या जागी तुला आरशात स्पीकर दिसेल तिथूनच पहिला परतलेला आवाज येतो. वाकळ लावायची ती तिथे, सगळीकडे नाही. मला ही युक्ती फार आवडते. तिला कोणतंही यंत्र लागत नाही आणि ती खोटं सांगत नाही.

ताई : वेरूळच्या दहाव्या लेण्यात मी मुलींना घेऊन गेले होते. विश्वकर्मा म्हणतात ते, लोक सुताराची झोपडी म्हणतात. वर दगडात कोरलेल्या फासळ्या, लाकडाच्या असाव्यात तशा. तिथे ‘सा’ लावला की सोडल्यावरही तो वर राहतो. एक मुलगी रडली. तिथे कोण गेलं होतं आरसा घेऊन?

भाऊ : तिथे एकच संथ स्वर लावलास म्हणून. द्रुत तान घेऊन बघ, एक स्वर दुसऱ्यावर चढेल. दगड काही गिळत नाही. ती जागा संथ सामूहिक पठणाला साथ देते. आपल्या स्पीकरमधून येणाऱ्या ध्वनिमुद्रणात एक जागा आधीच भरलेली असते, जिथे गाणं झालं ती. आपली खोली त्यावर दुसरी जागा चढवते. मला ती दुसरी कमी करायची आहे.

ताई : तुझ्यामाझ्यात फरक इथे आहे. मला दुसरी जागा पूर्ण घालवायचीच नाही. आजोळचं जुन्या शहरातलं घर आठव. माळवदाचं. वर सागाची तुळवंटं, त्यावर किलचं आणि माती, भिंती दोन हात जाडीच्या, मातीच्या गिलाव्याच्या. रेडिओ कोनाड्यात, म्हणजे तुझ्या शास्त्राप्रमाणे सगळ्यात वाईट जागी. आणि तरी तिथला आवाज कानाला कधी टोचला नाही.

भाऊ : कारण छताला तुळया होत्या, सपाट स्लॅब नव्हता. आवाज आपटून एकाच दिशेने परत येत नव्हता, फुटून पसरत होता. मातीचा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ. भिंती एकमेकींशी काटेकोर समांतर नव्हत्या. आणि एका रेडिओत डावं-उजवं नव्हतं.

ताई : तेच तर मी म्हणते. मी जे ऐकते त्यात डावं-उजवं कुठे आहे? केसरबाई केरकर, अमीर खाँ साहेबांची बरीचशी ध्वनिमुद्रणं एकाच मायक्रोफोनच्या काळातली. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजरवरून अंतराळात गेली, तीही तशीच. आणि मैफल? नाथराव नेरळकरांना आपण समोर बसून ऐकलंय. गळा एका जागी, तबला बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, सगळं चार हातांत. बैठकीच्या मागच्या बाजूला बसलं की ते चार हातही एक होतात.

भाऊ : मग तर तुला माझ्यापेक्षा जास्त काळजीने मांडणी करायला हवी. केसरबाईंची तबकडी दोन स्पीकरवर लाव आणि डोळे मीट. दोन्हीतून तोच आवाज येतोय, म्हणजे गळा बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे उभा राहायला हवा. आपल्या हॉलमध्ये तो डाव्या खिडकीत उभा राहतो आणि वरच्या सप्तकात गेला की हलतो. एकाच मायक्रोफोनचं गाणं ही मांडणीची सगळ्यात कडक परीक्षा आहे.

ताई या मुद्द्यावर गप्प राहिली. हे उत्तर तिच्या आवडीच्या आत शिरून दिलेलं होतं. १९३१ साली अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी दोन स्पीकरच्या ज्या कल्पनेचं पेटंट मागितलं, तिच्या मुळाशीही मधल्या रिकाम्या जागेतून येणारा आवाजच होता. सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला, हे त्यांना खटकत होतं असं सांगतात. आवाज माणसामागे चालला पाहिजे, ही त्यातली आच होती.

ताई : बरं. मधोमध उभा करू गळा. पण कुणासाठी? दिवाणावर तीन माणसं बसतात. तुझा तो मध्य एकालाच मिळतो.

भाऊ : खरंय. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. एक स्पीकर तुला दुसऱ्यापेक्षा तेवढा जवळ असला की सगळं गाणं जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतं. वीतभर सरकलीस तरी गळा सरकतो.

ताई : म्हणजे घरातल्या तिघांपैकी दोघांनी चुकीचं ऐकायचं. आणि स्वयंपाकघरात असेन तर मी ऐकणाऱ्यात धरलेलीच नाही. माझं निम्मं ऐकणं पोळ्या लाटताना होतं.

मला वाटतं, स्पीकर कसे ठेवावेत याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात हा प्रश्न पहिला यायला हवा आणि तो येतच नाही. ऐकणारा एकटा आहे, त्याची एक खुर्ची आहे, ती खोलीच्या मध्यरेषेवर आहे, असं गृहीत धरून सगळे त्रिकोण काढले जातात. आपल्याकडे हॉलमध्ये पाहुणा येतो, मूल अभ्यास करतं, कुणी भाजी निवडतं. गाणं या सगळ्यांचं असतं. दिवाण सरकवण्याआधी ऐकणार कोण हे ठरलं पाहिजे.

भावाने यावर दिलेलं उत्तर मला त्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटलं.

भाऊ : तिघांसाठी मांडायचे असतील तर स्पीकर आत वळव, नेहमीपेक्षा जास्त. दोन्हींची तोंडं मधल्या माणसाच्या पुढे, हातभर अंतरावर एकमेकांना छेदतील इतके. आता डाव्या टोकाला बसलेल्याला डावा स्पीकर जवळ आहे, पण त्याचं तोंड या माणसाकडे नाही. उजवा लांब आहे, पण त्याचं तोंड याच्याकडेच आहे. जवळचा आधी पोहोचतो पण बारीक, लांबचा उशिरा पण मोठा. उशीर आणि मोठेपणा एकमेकांना बऱ्यापैकी झाकतात. गळा टोकाच्या माणसालाही मधल्या बाजूला सापडतो. मधल्या माणसाचं थोडं नुकसान होतं.

ताई : तेवढं मधल्याने सोसावं.

भाऊ : आणि उंची. तू आणि मुली सतरंजीवर बसता. खाली बसलं की कान जमिनीपासून अडीच फुटांवर, दिवाणावर साडेतीन. वरची पट्टी सोडणारा तो छोटा गोल, ट्वीटर, कानाच्या रेषेत हवा. शोकेसच्या वरच्या कप्प्यातून तो तुमच्या डोक्यावरून जातो. दोन्ही बैठकींच्या मधली उंची घे, तीन फूट, आणि किंचित खाली झुकव.

ताई : हे मला पटलं. बैठकीत गाणाराही खालीच बसतो. आवाज त्या उंचीवरून आला तर तो खरा वाटेल.

भाऊ : राहिलं भिंतीपासूनचं अंतर. मला तीन फूट पुढे हवे होते.

ताई : तीन फूट पुढे म्हणजे स्पीकर सतरंजीवर. मुली कुठे बसतील?

भाऊ : थांब, त्यातही एक गोम आहे. स्पीकरचं तोंड भिंतीपासून जेवढं लांब, त्याच्या चौपट लांबीची लहर मागून परतलेल्या स्वतःलाच पुसून टाकते. तीन फुटांवर ती ९४ हर्ट्झला येते, म्हणजे ऐन डग्ग्यात खड्डा. फूटभर अंतरावर तोच खड्डा २८५ च्या आसपास जातो. तिथे स्पीकर आवाज मागे कमी फेकतो आणि तुझी वाकळही थोडी कामाला येते. म्हणजे छोट्या खोलीत एकतर भिंतीपासून पुष्कळ लांब, नाहीतर अगदी जवळ. अधलंमधलं नको. आपल्याकडे लांब जायला जागा नाही, मग जवळ राहू. शोकेसमधून बाहेर काढू, स्टँडवर ठेवू, पाठ भिंतीला चार बोटं सोडून. मागच्या भोकात फोमचा बोळा, त्याने फुगलेला बेस उतरतो. मागे वाकळ.

ताई : म्हणजे मी म्हटलं तिथेच.

भाऊ : तू म्हटलंस त्या भिंतीला, पण शोकेसबाहेर. आणि भिंत, बाजू, जमीन ही तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवायची. सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात.

ताई : आणि दिवाण?

भाऊ : दीड फूट पुढे. मागे गाद्यांची चळत लाव, पाहुणे आले की त्या लागतातच. ५७ चा बोजा जाणार नाही, कमी होईल. खरं तर कान मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर हवेत.

ताई : दीड.

भाऊ : दीड. आणि खात्री करायची असेल तर स्पीकरच दिवाणावर ठेव, बेस गिटारचं गाणं लाव आणि तू भिंतीकडेने फिर. जिथे बेस सारखा ऐकू येईल ती जागा स्पीकरची. स्पीकर आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली तेच ऐकवते.

यात मी एक जोडते. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो. तेव्हा आवाजाचा वेग ३५५ वर पोहोचतो आणि खोलीत अडकणारे स्वर एखाद-दोन हर्ट्झने वर सरकतात. तो फरक कुणाच्या कानाला जाणवायचा नाही. जाणवतो तो कूलर. त्याच्या घरघरीखाली आलापीतले सगळे हलके स्वर बुडतात, आणि त्यासाठी आवाज वाढवला की खोली पुन्हा घुमायला लागते. उन्हाळ्यात नीट ऐकायचं तर पहाटे, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून. भैरवाची वेळही तीच.

ताई : एवढं सगळं झालं. पण भिंत तीच राहिली. पलीकडे काकूंची झोपायची खोली आहे.

भाऊ : समोरची भिंतही सामाईकच आहे. तिकडे पलीकडे दहावीचा मुलगा.

ताई : म्हणून विचारते. नऊ इंची विटेची भिंत तुझा ५७ अडवते?

भाऊ : गळा बऱ्यापैकी अडवते. ५७ पुरता अडवत नाही. स्टँडखाली रबर घालू, त्याने जमिनीतून जाणारा कमी होईल. हवेतून भिंतीत शिरणारा तसाच राहील.

ताई : मग काकू ऐकणाऱ्यांतच आल्या. त्यांना विचारायला हवं. तू स्टँड लाव, बोळा घाल आणि तुझं ते बेस गिटारचं गाणं नेहमीच्या आवाजात ठेव. मी पलीकडे जाऊन त्यांच्या पलंगावर बसते. फोन चालू ठेव, मी सांगेन तसं कमी कर.